नांगराचा फाळ का मोडतो? लोखंडी नांगरवाले लक्ष्मणराव किर्लोस्कर

शेतकरी बंधूंनो, उन्हाळवाहीच्या दिवसांत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही लोहाराच्या नाहीतर वेल्डिंगवाल्याच्या दुकानासमोर जरा थांबून बघा. सेलू असो, समुद्रपूर असो की आर्वी, दारात एक ढीग असतोच. मोडलेले फाळ, झिजलेल्या वखराच्या पासा, रोटाव्हेटरची वाकडी पाती, मोटारपंपाचा तुटलेला शाफ्ट. आपण तो ढीग भंगारवाल्याला किलोवर देऊन मोकळे होतो. पण मोडलेल्या प्रत्येक तुकड्यावर तो का मोडला, याचा हिशेब लिहिलेला असतो. तो वाचता आला पाहिजे, एवढंच.

मोठ्या देशांत हा हिशेब वाचणारे शास्त्रज्ञ असतात. त्यांना धातुशास्त्रज्ञ म्हणतात. आगगाडीचा आस का तुटला, पूल का खचला, याचा ते शोध लावतात. आपल्या मराठी मुलखात हे काम शेताच्या बांधावरून सुरू केलेल्या एका माणसाची ओळख आज करून देतो. त्यांच्याकडे धातुशास्त्राची पदवी नव्हती. त्यांचं नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. पंपावर, इंजिनावर हे आडनाव आपण रोज वाचतो, पण त्यामागचा माणूस फारसा कोणाला ठाऊक नसतो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरात पोथ्यांचं वातावरण, आणि या मुलाचं लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत. शाळेत काही फारसं जमलं नाही, म्हणून १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथे दोनेक वर्षांत लक्षात आलं की त्यांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला याहून मोठी अडचण कोणती? रंग सुटले, रेघा राहिल्या. यंत्रांची चित्रं काढायचं ड्रॉइंग ते पक्कं शिकले आणि त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक म्हणून लागले.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. यंत्राचं ड्रॉइंग काढणारा माणूस यंत्र आतून बघायला शिकतो. कोणता भाग कशाला टेकतो, जोर कुठून कुठे जातो, कुठे जाड आणि कुठे पातळ, हे त्याला कागदावर आधीच दिसतं. पुढे लक्ष्मणरावांनी नांगर हातात घेतला तो याच नजरेनं.

नोकरीत असतानाच त्यांनी आणि थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी १८८८ साली सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या, रामूअण्णांनी बेळगावात विकायच्या. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव तिथून आलं. पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांचा हक्क असताना ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात सायकलीच्या दुकानाशेजारी छोटा कारखाना उभा राहिला. पहिली वस्तू निघाली कडबा कापायचं यंत्र. त्यानंतर १९०३ साली लोखंडी नांगर.

आता त्या काळचा शेतकरी काय वापरत होता ते बघा. बाभळीच्या लाकडाचा नांगर आणि पुढे लोखंडाचा लहानसा फाळ. हा नांगर जमीन ओरखडतो, उलटवत नाही. आपल्याकडे तर दरसाल नांगरायची पद्धतच कमी होती. काम वखरावर चालायचं आणि नांगर बाहेर निघायचा तो काही वर्षांतून एकदा, हरळी आणि कुंदा फार माजला की मग. माती उलटवणारा लोखंडी नांगर विलायतेहून यायचा, पण तो महाग, आणि एखादा भाग मोडला तर तो मिळायचा कुठे? लक्ष्मणरावांनी तो नांगर समोर ठेवून आपल्या बैलांना आणि आपल्या खिशाला जमेल असा नांगर बनवला.

आणि तो विकलाच गेला नाही! पहिले चाळीस नांगर दोन वर्षं पडून राहिले. लोकांचं म्हणणं असं की लोखंडामुळे जमिनीत विष कालवलं जातं, पीक येत नाही. आज आपल्याला हसू येईल, पण यात आपलेच लोक भोळे होते असं कोणी समजू नये. १७९७ साली अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसानं ओतीव लोखंडाचा नांगर काढला, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटलं होतं. लोखंडानं जमीन विषारी होते आणि तण माजतं! जमीन हीच ज्याची सारी पुंजी, तो नव्या वस्तूला आधी नाहीच म्हणणार. मी विस्तार खात्याचा माणूस आहे. नवं वाण, नवं औजार घेऊन गावात गेल्यावर पहिलं वर्ष कसं जातं ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून या दोन वर्षांबद्दल लक्ष्मणरावांचं मला विशेष वाटतं. त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही. नांगर तिथेच ठेवला आणि सुधारत राहिले.

मात्र विषाची शंका फिटली तरी खरी परीक्षा पुढेच असते. फाळ मातीत गेला की दोन संकटं असतात. एक झिजण्याचं, दुसरं मोडण्याचं. आणि गंमत अशी की एकावर इलाज केला की दुसरं वाढतं.

हे जरा नीट समजून घेऊ, कारण आजही दुकानात फाळ घेताना आपण इथेच फसतो. लोखंड एकच असलं तरी त्याचे प्रकार वेगळे असतात. फरक पडतो तो मुख्यतः त्यातल्या कार्बनमुळे, म्हणजे कोळशाच्या अंशामुळे. हा अंश अगदी कमी असला तर लोखंड मऊ, वाकतं पण तुटत नाही. जुन्या गाडीच्या चाकाची धाव अशा लोखंडाची असे. शंभर भागांत साधारण अर्ध्या ते एका भागापर्यंत कार्बन असला की ते चांगलं पोलाद. लोहार पाणी देतो म्हणजे काय करतो? तापलेलं पोलाद झटकन थंड करतो, त्यानं धार कडक होते. आणि तीन-चार भाग कार्बन असला की ते बीड. बीड सहज वितळतं, साच्यात हवं तसं ओतता येतं, स्वस्तही पडतं. म्हणून नांगराचे भाग बीडाचे करणं परवडतं. पण बीड ठिसूळ. दगडावर आपटलं की दोन तुकडे.

बीड ठिसूळ का? साच्यात ते सावकाश थंड झालं की आतला बराचसा कार्बन पापुद्र्यांच्या रूपात वेगळा होतो. पेन्सिलीत असतं तेच हे शिसं. हे पापुद्रे म्हणजे लोखंडात आधीपासूनच असलेल्या बारीक भेगा समजा. जोराचा धक्का बसला की तडा एका पापुद्र्यावरून दुसऱ्यावर उडी मारत जातो. अशा बीडाचा मोडलेला पृष्ठभाग राखाडी दिसतो. तेच बीड झटकन थंड केलं तर पापुद्रे तयार व्हायला वेळच मिळत नाही. मोडलेला भाग पांढरा, चकाकता दिसतो. हे पांढरं बीड इतकं कडक असतं की त्यावर कानस चालत नाही. झिजतही नाही. पण काचेसारखं फुटतं.

मग इलाज काय? इंग्लंडमध्ये इप्सविच गावच्या रॉबर्ट रॅन्सम या ओतकाम करणाऱ्यानं १८०३ साली याचं पेटंट घेतलं. असं सांगतात की त्याच्या ओतशाळेत एक साचा फुटला, वितळलेलं लोखंड थंड फरशीवर सांडलं, आणि फरशीला टेकलेली बाजू विलक्षण कडक झालेली त्याला दिसली. त्यानं मग फाळाच्या साच्यात खालच्या बाजूला वाळूऐवजी थंड लोखंड ठेवलं. फाळाची खालची बाजू पांढरी व कडक, वरची राखाडी व मऊ. वरची बाजू आधी झिजते, खालची टिकते, आणि धार आपोआप राहते. सांडलेल्या लोखंडाकडे दुसरा कोणी असता तर शिव्या देऊन ते गोळा करून टाकलं असतं.

शेतकरी बंधूंनो, घरी बीडाचा जुना मोडका फाळ असेल तर उन्हात नेऊन त्याचा मोडलेला काठ बघा. टोकाकडे पांढरी चकाकी आणि मागे राखाडी दाणा असे दोन रंग एकाच तुकड्यात दिसले, तर तो याच रीतीनं ओतलेला. सगळाच राखाडी असला तर लवकर झिजणार. सगळाच पांढरा असला तर पहिल्या दगडाला जाणार. बारीक छिद्रं दिसली तर ओतताना आत हवा राहिली होती. आणि भेगेचा काही भाग गंजलेला, काही भाग ताजा दिसला, तर तडा जुनाच होता, मोडला तो आज. ही परीक्षा करायला प्रयोगशाळा लागत नाही.

लक्ष्मणरावांना हे सगळं स्वतःच शिकावं लागलं. परदेशी मासिकं आणि यंत्रांचे कॅटलॉग हे त्यांचे गुरू. ओतशाळेत मिश्रण थोडं बदलायचं, ओतायचं, शेतात चालवायचं, टोक झिजल्याची तक्रार आली की परत भट्टीकडे. नांगर विकला की संबंध संपला, असं त्यांनी मानलं नाही, आणि माझ्या मते त्यांच्या यशाचं कारण जाहिरातीपेक्षा यातच आहे.

कच्चा मालही हाताशी नव्हता. बंगालमधला कुल्टीचा कारखाना सोडला तर देशात बीड गाळणारा मोठा कारखाना तेव्हा नव्हता. इथे आपल्या भागाची एक आठवण सांगितली पाहिजे. जमशेटजी टाटांची नजर लोखंडासाठी आधी आपल्या शेजारच्या चांदा जिल्ह्यावर होती. लोहाऱ्याचा लोखंडाचा डोंगर आणि वरोऱ्याचा कोळसा, दोन्ही जवळजवळ. पण वरोऱ्याचा कोळसा लोखंड गाळायच्या कामाचा निघाला नाही, आणि कारखाना गेला दूर जमशेदपूरला. तिथे पहिलं लोखंड गाळलं गेलं ते १९११ च्या डिसेंबरात. कोळसा चांगला निघता तर भारताचं लोखंड हिंगणघाटवरून गाड्या भरभरून गेलं असतं. असो.

बेळगावात धंदा जरा जम धरतो तोच नगरपालिकेला ती जागा नव्या वस्तीसाठी हवी झाली. कारखाना हलवावा लागणार. त्या सुमारास लक्ष्मणराव साताऱ्याकडच्या औंध संस्थानात देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचं काम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या कानावर ही अडचण गेली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा दिली आणि कर्जही दिलं. जागा म्हणजे निवडुंगाचं रान, साप-विंचवांचं घर. १० मार्च १९१० रोजी तिथे वसाहत सुरू झाली. तीच किर्लोस्करवाडी, आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात.

या वाडीतली माणसं बघण्यासारखी होती. गावाची आखणी आणि व्यवस्था रामूअण्णांकडे. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू बघत. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. अनंतराव फळणीकर शाळेत नापास झालेले, पण यंत्रात डोकं असं की नवं काही बनवावं तर त्यांनीच. आणि राखणीला होते तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही एकेकाळचे दरोडेखोर! लक्ष्मणरावांचं माणसं निवडणं असं होतं. कागदावर नाकारलेल्या माणसात काय दम आहे हे ते आजमावून बघत. वाडीत शिवाशिवही पाळली जात नसे, आणि त्या काळात हे लहान काम नव्हतं.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. विलायती नांगर यायचे बंद झाले. मागणी तर वाढली, पण लोखंड आणि कोळसा मिळेना. ओतशाळेची भट्टी थंड पडण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज मदतीला आले. पन्हाळगडावर जुन्या तोफा पडून होत्या. त्यांचं लोखंड महाराजांनी नांगरांसाठी दिलं. जुन्या तोफांचं लोखंड निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या काळात ओतलेलं. अशा लोखंडातून एकसारखा फाळ काढायचा तर किती कार्बन आहे, काय मळी आहे, याचा अंदाज ओतणाऱ्यालाच लावावा लागतो. हे काम पुस्तक वाचून येत नाही. किर्लोस्करवाडीच्या ओतशाळेचा हात या चार वर्षांत बसला, असं म्हणायला हरकत नाही.

लोखंडी नांगर म्हणजे आपल्या भागाला वरदानच, असं मात्र मी सरसकट म्हणणार नाही. आपली काळी जमीन ओली असली की पाट्याला मेणासारखी चिकटते. अमेरिकेतल्या इलिनॉय भागात हीच अडचण होती. तिथे जॉन डियर नावाच्या लोहारानं १८३७ साली मोडक्या करवतीच्या गुळगुळीत पोलादी पात्यापासून नांगर बनवला तेव्हा माती सुटू लागली. शिवाय जड नांगराला दोन-तीन जोड्या जुंपाव्या लागतात. आर्वी-कारंज्याकडचे आपले गवळाऊ बैल चालायला चपळ, दमणीला उत्तम, पण खोल नांगरटीला एका जोडीनं कसं भागणार? ज्याच्याकडे एकच जोडी, त्याला शेजाऱ्याची जोडी मागावी लागे किंवा वखरावरच भागवावं लागे. औजार सुधारलं तरी ते ओढणारा जोर नसेल तर ते गोठ्यात उभं राहतं. ही अडचण कारखान्याच्या हातची नव्हती.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढलं. नांगरामागोमाग उसाचे चरक, शेंगा फोडायचं यंत्र निघालं. १९२६ पासून पाण्याचे पंप आले. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून इंजिनिअर होऊन त्याच वर्षी परतले.

पंप आला आणि मोडण्याचा एक नवा प्रकार आला. फाळ एका दणक्यात मोडतो. फिरणारा शाफ्ट मात्र लाखो फेरे बिनतक्रार घालतो आणि एक दिवस, काही विशेष जोर नसताना, तुटतो. याला धातूचा थकवा म्हणतात. जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वेच्या अधिकाऱ्यानं १८५० नंतरच्या वीसेक वर्षांत आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं. एका वेळी जो भार लोखंड सहज सोसतं, तोच भार लाखो वेळा उलटसुलट आला तर बारीक तडा सुरू होतो आणि रोज केसभर पुढे सरकतो. तुटलेल्या शाफ्टचा पृष्ठभाग बघाल तर बराचसा भाग गुळगुळीत असतो आणि त्यावर झाडाच्या खोडातल्यासारखी वलयं असतात. शेवटचा थोडा भाग खडबडीत, तो ऐनवेळी तुटलेला. वलयं जिथून निघाली तिथे हमखास काहीतरी सापडतं. चावीच्या खाचेचा धारदार कोपरा, वेल्डिंगचा डाग, नाहीतर गंजाचा खड्डा.

म्हणूनच तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून पुन्हा बसवू नये, असं आम्ही सांगतो तेव्हा त्यात दुकानदाराचा फायदा बघत नाही. वेल्डिंगच्या शेजारी लोखंड कडक आणि ठिसूळ होतं आणि पुढचा तडा तिथूनच जातो. बीडाच्या पंपाच्या अंगाला साध्या कांडीनं वेल्डिंग केलं तर बहुधा थंड होतानाच शेजारी चरचर आवाज येतो, तो याचाच. ग्रामसेवक व सरपंच मंडळींनीही हे ध्यानात ठेवावं. नळयोजनेचा पंप तीनदा एकाच जागी तुटत असेल तर चौथा शाफ्ट मागवण्याआधी तीन तुटके तुकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. पंप आणि मोटार एका रेषेत बसवली नसेल तर शाफ्ट कितीही भारी आणा, तो जाणारच.

सुट्या भागांची गोष्टही इथेच सांगतो. अमेरिकेत १८१९ साली जेथ्रो वुड यानं बदलता येतील अशा भागांचा ओतीव नांगर केला होता. त्यात फाळ झिजला तर फाळच बदलायचा, अख्खा नांगर नाही. किर्लोस्करांचा नांगर खेड्यात टिकला तो बोल्ट सोडून बदलता येणाऱ्या आणि देशातच मिळणाऱ्या फाळामुळे. फाळ झिजणारच हे धरून चालायचं आणि तो झिजला तर बाकी नांगर वाचेल अशी रचना करायची. आज ट्रॅक्टरच्या नांगरालाही हीच रीत आहे. काही नांगरांना तर दगड लागला की आधी तुटेल असा कच्चा बोल्ट मुद्दाम ठेवलेला असतो. तो तुटला म्हणून त्याच्या जागी जाड, भारी बोल्ट ठोकणारे लोक मी बघितले आहेत. मग पुढच्या दगडाला बोल्ट राहतो आणि फाळाचा दांडा जातो.

पुढची हकीकत उद्योगाची आहे आणि ती अनेकांनी लिहिली आहे. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रं बनवणारी यंत्रं, १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिन, बंगलोरला विजेच्या मोटारी. हा सगळा पसारा मुलं आणि पुतणे बघू लागले होते. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले, वयाच्या ८७ व्या वर्षी. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ ला, भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे. मिरज-पुणे मार्गानं कधी गेलात तर पाटी दिसेल.